पाणी न मारलेली भिंत

शेजारच्या नव्या बांधकामावर एक बाई रोज सकाळी पाइप धरून ओल्या गिलाव्यावर पाणी मारत असते. कोपरान्‌कोपरा भिजवते, घाई करत नाही. ती दिसली की मी खिडकीपासून दूर होते.

आमच्या वरच्या खोलीचा गिलावा झाला, तेव्हा गणपत मिस्त्रींनी मला बजावलं होतं, "बाई, आठ दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारा." मी दोन दिवस मारलं. मग पाहुणे आले, कंटाळा आला, राहून गेलं. महिन्याभरात भिंतभर बारीक भेगा पडल्या आणि निकृष्ट काम केलं म्हणून मी कंत्राटदाराला फोनवर फैलावर घेतलं.

तो मिस्त्रींना घेऊनच आला. माझ्यादेखत त्यांना नाही नाही ते बोलला. मिस्त्रींनी भेगांवरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, "पाणी मारलं होतं ना, बाई?"

"रोज. दोन्ही वेळा," मी म्हणाले.

त्यांनी भिंतीवरचं बोट काढून घेतलं. "मग माझंच काहीतरी चुकलं असेल."

आपल्या हातून राहिलेलं काम दुसऱ्याच्या हातावर किती सहज ढकलता येतं!

दुरुस्तीला दुसराच मिस्त्री आला. मी गणपत मिस्त्रींची चौकशी केली.

"त्यांना काढलं. वय झालं, हात बिघडला, असं साहेब म्हणाले."

खरं सांगायला तेव्हाही उशीर झालेला नव्हता. फोन हाताशीच होता. मी नव्या मिस्त्रीला विचारलं, "चहा घेणार का?"