कमलाक्षी टीचरांची बेरीज

मला कोणी शिकवलेलं नाही, असं मी गेली बारा वर्षं छाती पुढे काढून सांगत आले. अर्ज लिहायला मी तालुका कचेरीच्या व्हरांड्यात शिकले, कायदा बसस्टँडवर भांडून. देवनागरीसुद्धा जुन्या वर्तमानपत्रांवरून. आमच्या घरात मराठी बोलत, पण वाचत ती तमिळच. आता मात्र ते वाक्य मला दुरुस्त करावं लागणार. जावास्क्रिप्ट, म्हणजे वेबपान चालवणारी कॉम्प्युटरची भाषा, मला कमलाक्षी टीचरांनी शिकवली आणि ती शिकवताना माझी लाजही राखली.

टीचर अडुसष्ट वर्षांच्या आहेत. तंजावुरात दक्षिण वीथीच्या मागच्या गल्लीत, जिना चढून गेलं की त्यांची टायपिंगची संस्था. सात टाइपरायटर आणि दोन कॉम्प्युटर, ज्यांवर त्या वेबपानं लिहायलाही शिकवतात. सरकारी परीक्षेला बसणारी मुलं सकाळपासून खडखडाट करतात. एक अक्षर चुकलं की खोडायचं नाही, नवा कागद घ्यायचा. टीचरांचा हा नियम मोडून कोणी पास झाल्याचं मला माहीत नाही.

मी त्यांच्याकडे गेले ती सौम्यासाठी. बसची तक्रार घेऊन ती माझ्याकडे आली होती. सौम्याचं गाव पापनाशमच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून चार किलोमीटर आत. तिथे सकाळी एक बस, संध्याकाळी एक. सौम्या तंजावुरात लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करते. बस आली नाही की पोरगी मुख्य रस्त्यावर उतरून कालव्याच्या पुलाशी उभी राहते आणि कोणाच्या तरी मोपेडवर मागे बसून घरी जाते. तिच्या आप्पांनी सांगून टाकलं होतं, "महिनाअखेरपर्यंत बघतो. नाहीतर कॉलेज पुरे." मी डेपोत जाऊन टेबलावर हात आपटला. मॅनेजर म्हणाले, "आवाज नको, आकडा आणा." मग गार्डने मला दार दाखवलं.

आकडा हवा ना? असा दाखवीन, की कोणालाही फोनवर उघडून बघता येईल! या तावात मी टीचरांचा जिना चढले.

"इंटरनेटवरून उचललेलं चालायचं नाही," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "एकेक ओळ स्वतःच्या बोटांनी. काही विकत घ्यायचं नाही हो. फोनात ब्राउझर आहे की नाही? तोच ही भाषा वाचतो, तोच चालवतो."

त्यांचं शिकवणं त्यांच्या खोलीतल्या वस्तूंवरच चाले. `let` म्हणजे फळ्यावर खडूने लिहिलेलं. उद्या पुसून दुसरं लिहा. `const` म्हणजे मोठ्या देवळाच्या दगडात कोरलेलं. हात लावायला गेलात तर भाषाच अडवते. `if` म्हणजे बस आली तर एक काम, नाही आली तर दुसरं. आणि फंक्शन? त्या एका मुलाकडे वळून नुसतं "पत्र!" म्हणाल्या. त्याने कागद चढवला, समास लावला, तारीख टाकली आणि विचारलं, "कोणाला, टीचर?"

"बघितलंस? काम एकदा शिकवून ठेवलं, नाव घेतलं की करतो. फक्त कोणाला ते दर वेळी सांगायचं. हे फंक्शन."

तीन आठवड्यांत माझं पान तयार झालं. त्यात दोन चौकटी : सकाळच्या किती फेऱ्या चुकल्या, संध्याकाळच्या किती. खाली बेरीज, मोठ्या लाल अक्षरांत. चौकटी भरणारीलाच दिसत. बाकी सगळ्यांना फक्त बेरीज. मधले आकडे कशाला दाखवायचे, लोकांना एकच ठोसा पुरतो, असा माझा हिशेब. सौम्याने तोवर पंधरा दिवस वहीत नोंद ठेवली होती, तिने आपल्या फोनवरून चौकटी भरल्या. माझ्यासमोर आकडा आला : २९. तीस फेऱ्यांपैकी एकोणतीस चुकल्या! मी तो लगेच पालकांच्या ग्रुपवर टाकला, डेपोच्या पत्रात घातला. गुरुवारी अकराला भेट ठरली.

बुधवारी दुपारी टीचरांना दाखवलं. त्या हसल्या नाहीत, शाबास म्हणाल्या नाहीत.

"तीस वजा एकोणतीस किती गे?"

"एक."

"माझी बहीण राजम त्याच गावची. याच पंधरा दिवसांत तीन सकाळी त्याच बसने डोळ्यांच्या डॉक्टरकडे आली. मग ती काय पोहत आली?"

माझं डोकं तापलं. "सौम्या खोटं बोलते म्हणता?"

"सौम्या नाही. तू बस. नवा कागद."

सगळं पान पुन्हा टाइप करायला लावलं, प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत. बेरजेच्या ओळीवर त्यांनी माझा हात थांबवला. "चौकटीतून जे येतं, तो आकडा की अक्षर?"

"आकडाच. आकडेच भरलेत तिने."

"दिसायला आकडा. चौकटीतून बाहेर येतं ते नेहमी अक्षर. दोन आकड्यांत अधिक चिन्ह घातलं तर ही भाषा बेरीज करते. दोन अक्षरांत घातलं तर शेजारी शेजारी चिकटवते. तिने सकाळचे दोन भरले, संध्याकाळचे नऊ. दोन, नऊ. एकोणतीस."

"अय्यो! मग चुकतंय तर ओरडायचं तरी! ही कसली भाषा?"

"ओरडायला तू आहेस की."

त्यांनी दोन्ही ठिकाणी `Number` लावायला शिकवलं : आधी आकडा कर, मग मिळव. दोन आणि नऊ पुन्हा भरले. पान म्हणालं, ११.

अकरा! ग्रुपवर एकोणतीस, पत्रात एकोणतीस. मी म्हटलं, "राहू द्या टीचर. त्यांना काय कळणार आहे?"

"डेपोत रोजची वही असते. ती ते तुझ्यासमोर उघडतील. मग त्या पोरीचे खरे अकराही खोटे ठरतील." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "अकरातले नऊ संध्याकाळचे आहेत गे. ते बघ ना."

ते मी बघितलंच नव्हतं. पंधरातल्या नऊ संध्याकाळी! सौम्या पुलाशी उभी राहते ती संध्याकाळीच.

गुरुवारी सौम्या आणि तिचे आप्पाही आले. मॅनेजरांच्या टेबलावर वही उघडीच होती. माझ्या एकोणतीसची वाटच बघत होते. मी बसायच्या आधीच बोलून टाकलं, "पत्रातला आकडा चुकला. चूक माझी, पोरीची नाही. खरे अकरा, सकाळचे दोन, संध्याकाळचे नऊ." जन्मात एवढं जड वाक्य मी बोलले नव्हते. मॅनेजरांनी वहीवरून बोट फिरवलं. "आमच्याकडे दहा आहेत. संध्याकाळचे नऊ बरोबर." संध्याकाळची गाडी ते गर्दीच्या मार्गावर वळवत होते. यापुढे वळवणार नाही, असं त्यांनी सहीनिशी लिहून दिलं. आप्पांनी तो कागद दोनदा वाचला आणि लेकीला म्हणाले, "उद्याची पुस्तकं भरून ठेव."

संध्याकाळी मी टीचरांना सांगायला गेले. वाकून पाया पडले. मी कोणाच्या पडत नाही. त्यांनी मला उठवलं, फिल्टर कॉफी दिली आणि विचारलं, "त्यांचे दहा, आपले अकरा. कोणत्या सकाळचा फरक?"

मला माहीत नव्हतं. सौम्याला फोन लावला आणि दोघी तिच्या वहीतली एकेक सकाळ ऐकत बसलो.