घोळ आली

मी या पानावर येते ती जेवताना वाचायला काहीतरी हवं म्हणून. तुमच्या पांढऱ्या साड्या, वडाची झाडं, बंद घाटातली लिफ्ट मागणारी बाई... सगळं वाचते आणि झोपही छान लागते. आमच्या घरात भूत हा विषयच नाही. बाबा परभणीहून मुंबईत आले, नोकरी केली, शांती नगरला फ्लॅट घेतला, आणि आम्हा बहिणींना एकच शिकवलं – जे तपासून बघता येत नाही ते मानायचं नाही. मी तर कामच प्रोग्राम तपासण्याचं करते. त्यामुळे खाली जे लिहितेय ते शंभरदा तपासून लिहितेय.

अँथनी माझ्या ऑफिसातला. उत्तनच्या पुढे पाली गाव आहे ना, तिथला कोळी. दोन बोटांनी टाईप करायचा. टक... टक्‌टक... मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक. शेजारी बसून माझा जीव जायचा. पण माणूस लाखात एक. कुठून कुठून भंगारात निघालेले कॉम्प्युटर गोळा करून त्याने गावात अकरा मशीन जमवली होती. गावातल्या मुलींना पायथन शिकवायचं, म्हणजे प्रोग्रामिंगची एक भाषा, हे त्याचं स्वप्न.

आता अडचण अशी, की मशीन जुनी, ज्याला जे झेपेल ते लिनक्स, म्हणजे मशीन चालवणारी फुकटातली प्रणाली, घातलेलं. आणि लिनक्सच्या जाती पुष्कळ. पायथनबरोबर पिप नावाचं एक छोटं साधन लागतं, बाकी लागेल ते सामान तेच आणून देतं. पण ते पिप मागवायची भाषा प्रत्येक लिनक्सची वेगळी. आमच्या सेक्टरमध्ये कसं, वाण्याशी गुजरातीत बोलायचं, दूधवाल्याशी हिंदीत, भाजीवाल्या मावशींशी मराठीत, तेव्हा पिशवी भरते. तसंच. एकाला ऍप्ट म्हणायचं, दुसऱ्याला डीएनएफ, तिसऱ्याला पॅकमन. अँथनीने त्यासाठी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिली. ती आधी मशीनला विचारणार, बाई तू कोण? आणि मग तिच्या भाषेत पिप मागवणार.

त्याने ती मला तपासायला दिली. स्क्रिप्ट चांगली होती. फक्त शेवटी, काम फत्ते झाल्यावर, स्क्रीनवर छापायला त्याने लिहिलं होतं – "घोळ आली".

मी लाल शेरा मारला. अजून शब्द न्‌ शब्द आठवतो, कारण आठवून लाज वाटते. "सगळं नीट झाल्यावर घोळ कशाला? आणि व्याकरण बघ. घोळ पुल्लिंगी आहे. घोळ आला. हे प्रोफेशनल वाटत नाही." आणि ती ओळ काढून मीच तिथे साधं 'इन्स्टॉल झालं' असं टाकलं.

तो नुसता हसला. म्हणाला, "मॅडम, तुम्हाला न्हाय कळणार. एकदा पालीला या, मग कळेल."

शांती नगरहून पाली तासाभराच्या आत. जाईन जाईन म्हणत दोन वर्षं गेली. गेल्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत अँथनी गेला. त्याच्या मातीला गेले तेव्हा पाली पहिल्यांदा पाहिलं.

त्याच्या आईला सगळे आंटी म्हणतात, मीही म्हणते. डिसेंबरात त्यांचा फोन आला. अँथनीच्या क्लाससाठी गावाने जाळी ठेवायची खोली दिली होती. आता बोटवाले विचारत होते, क्लास तर काही दिसत नाही, मग खोली अडवून ठेवायची कशाला? येत्या रविवारी सुरू झाला तर ठीक, नाहीतर सोमवारी जाळी परत आत. आंटी म्हणाल्या, "अकरा पोरींची नावं त्यानी लिवून ठेवलीत गो. एकीला पन परत पाठवायची न्हाय." मी शब्द दिला, रविवारी सुरू होईल.

शनिवारी सकाळी भाईंदर स्टेशनाबाहेरून उत्तनची बस पकडली. पालीच्या गल्ल्या एवढ्या अरुंद, की समोरून स्कूटर आली की पाठ भिंतीला लावायची. खोली अगदी किनाऱ्याला. दारासमोर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले, त्यांच्या पलीकडे समुद्र. भिंतीला टेबलं आणि टेबलांवर अकरा मशीन, एका कोपऱ्यात निळ्या जाळ्यांचा ढीग तसाच होता.

माझी दुरुस्त केलेली स्क्रिप्ट लावली. एकेक करत बारा वाजेपर्यंत दहा मशीन झाली. अकरावं म्हणजे अँथनीचा स्वतःचा जुना लॅपटॉप. त्यावर त्याने कुठलं तरी लिनक्स स्वतःच कापून-जोडून बसवलं होतं. स्क्रिप्टने विचारलं, तू कोण? उत्तर कोरं. जिथे नाव असतं ती जागाच रिकामी. जातच कळेना तर कुठल्या भाषेत मागणार? हाताने करून पाहिलं, ऍप्ट नाही, डीएनएफ नाही, काहीच नाही. पिप नाही हेही तीन-तीनदा बघितलं. शेवटी स्क्रिप्ट बंद केली. तेवढ्यात लाईट गेली. दहा मशीन विझली, वायफायचा डबाही विझला. लॅपटॉप तेवढा बॅटरीवर चालू.

आंटींनी जेवायला बोलावलं. तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलांचं कालवण. मला घास गोड लागेना. आंटींनी विचारलं, "सगली झाली?"

"दहा झाली. अँथनीचं होत नाहीये."

त्यांनी भाकरी वाढली. मग हळूच म्हणाल्या, "त्याचा तसाच. शेवटाला उठायचा, शेवटाला जेवायचा. पन यायचा."

खोलीत परत आले. लाईट नव्हतीच. जरा टेकावं म्हणून जाळ्यांच्या ढिगावर बसले, आणि समुद्राच्या वाऱ्याने डोळे मिटायला लागले. भरदुपार. पाण्यावरचं ऊन छतावर हलत होतं... हलत होतं आणि मी ते बघत होते की स्वप्नात बघत होते, सांगता येणार नाही. जाळ्यांना मिठाचा वास. आणि मग आवाज आला.

टक... टक्‌टक... बराच वेळ काही नाही. टक.

मला आश्चर्य वाटलं नाही, हे मला आज सगळ्यात विचित्र वाटतं. भीती तर नाहीच. ऑफिसात दुपारी वाटायचं तसंच वाटलं, नेहमीचा तो थोडासा वैताग. मी डोळे न उघडता म्हणाले, "अरे, लवकर आटप ना." आवाज थांबला. आणि मी गाढ झोपले.

जाग आली ती पंख्याच्या आवाजाने. लाईट आली होती. लॅपटॉपची स्क्रीन उजळलेली. तिच्यावर एकच ओळ.

घोळ आली

भूत वगैरे नंतरचं हो... पहिला विचार हाच, की घोळ झाला! लाईट आल्यावर काहीतरी उलटंसुलटं चाललं आणि झालेली दहाही बिघडली. उद्या अकरा मुली येणार, आणि मी शब्द दिलाय. मी जोरात हाक मारली, "आंटी!"

त्या ओल्या हाताने धावत आल्या. "काय झाला गो?"

मी रडतच स्क्रीनकडे बोट केलं. आंटी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. पदराला हात पुसत त्यांनी एकेक अक्षर लावून वाचलं. आणि त्यांचा चेहरा... कसा सांगू. उजळला.

"घोल आली? मंग रडतेस कनाला?"

"आंटी, घोळ म्हणजे गोंधळ ना..."

"काय गोंधल? घोल! मासा! एवढी मोठी असते," त्यांनी दोन्ही हात पसरले. "कुनाच्या जाल्यात घोल आली का सगला गाव बघायला जातो. नशीब लागतं. याचा बाप बोटीवरना आला का ह्यो धावत जायचा, हाच विचारायचा – घोल आली का? घोल आली का?"

पालीला घोळ येतो नाही, येते. बाईमाणूस आहे ती. आणि मी त्याला व्याकरण शिकवलं होतं.

थोड्या वेळाने लॅपटॉप तपासला. पिप होतं, नीट चालत होतं. बाकीची दहा सुरू केली, तीही ठणठणीत. नोंद बघितली तर पिप आलं एक बावन्नला. शेजारी विचारलं, लाईट कधी आली? सव्वादोन नंतर. म्हणजे ते आलं तेव्हा इंटरनेट नव्हतं. माझा फोन पिशवीत होता, त्याचं नेट बंद. मग ते आलं कुठून? ते दोन शब्द माझ्या स्क्रिप्टमध्ये शोधले, नाहीत. अख्ख्या लॅपटॉपवर शोधले, कुठेच नाहीत. जुनी प्रत राहिली असेल म्हणाल, तीही नाही. ती ओळ मीच काढली होती, माझ्या हाताने.

रविवारी क्लास सुरू झाला. अकराही मुली आल्या. बोटवाल्यांनी स्वतःच येऊन कोपऱ्यातली जाळी बाहेर नेली.

त्या संध्याकाळी मी एक केलं. माझी ओळ खोडून त्याची परत लिहिली, जशीच्या तशी. मग अकरा मशीनवर स्क्रिप्ट पुन्हा चालवून पाहिली; पिप आधीच असलं की ती सरळ शेवटची ओळच छापते. दहांवर एकदा छापलं – घोळ आली. अँथनीच्या लॅपटॉपवर दोनदा.

दर वेळी दोनदा. पहिली ओळ माझी, ती कुठून येते मला माहीत आहे. दुसरी कुठून येते ते तीन महिने शोधतेय. ऑफिसातल्या दोघांना दाखवलं, त्यांनाही सापडलं नाही. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, तपासत राहा. आंटी म्हणतात, "दोन आल्या तर बराच हाय की." कोणाला काही सुचत असेल तर खाली लिहा, खरंच.

दुसऱ्या ओळीतही 'आली'च असतं. मी आता ते दुरुस्त करत नाही.