बापानं पसंत केलेली ट्रॉली

आमच्या बापाला बैल कळतो, हे मी मान्य करतो. पण ट्रॉली म्हंजे बैल नव्हं, हे त्याला सांगता सांगता माझा अख्खा रविवार गेला.

वाळूजचा कारखाना मला नागपूरकडं पाठवत होता. बजाजनगरातलं माझं बिऱ्हाड एका टेम्पोत मावलं असतं. अडचण बापाची. आई गेल्यापासून तो खुलताबादच्या वर डोंगरातल्या शेतात एकटाच राहायचा, अन् घेरी येऊन दोनदा पडला होता. त्याला मागं टाकून जायची माझी छाती नव्हती. येतो म्हणाला, पण म्हैस, कडबा कापायचं यंत्र, आईची उतरंड, सगळं घेऊन, अन् तेही आपल्याच गाडीतनं. चुलतभावाचा ट्रॅक्टर होता, ट्रॉली तेवढी नव्हती. ट्रॅक्टरनं नागपूर! लोक हसले. म्हणलं हसा, बाप येतोय ना.

जुन्या ट्रॉल्या विकणारा वाळूज रस्त्याला बसायचा. बाप धुतलेलं धोतर नेसून, पटका बांधून आला, बैलबाजाराला निघाल्यासारखा. पहिली ट्रॉली चांगली दणकट होती. त्यानं तिच्याभोवती फेरी मारली, फळीवर थाप देऊन कान लावला अन् नको म्हणाला. का, तर आधीचा मालक इथं हजर नाय, अन् ज्याच्या दावणीचं जनावर त्याचं तोंड बघितल्याशिवाय घ्यायचं नसतं. दुसरी त्यानं चालवून दाखवायला लावली. ती जरा एका अंगाला ओढत होती. मालक कुठला विचारलं, तर पैठणकडचा. झालं! ट्रॉली पैठणकडं ओढती, असलं जनावर दावं तोडून घरी पळतं. विकणारा कळवळून म्हणाला, "चाचा, चक्के में हवा कम है." बापानं मनावर घेतलं नाय. तिसरीच्या पत्र्यावर गंजाचा गोल डाग होता, तो त्याला बैलाच्या अंगावरचा भोवरा दिसला, अन् तोही वाईट जागेवरचा. चौथीला जॅकवर उठवली, बसवली, परत उठवली, अन् उठताना कण्हती म्हणाला. आता ग्रीस नसल्यावर कण्हंल नाय तर काय वव्या म्हणंल?

उन्हं डोक्यावर आली, अन् माझंही डोकं फिरलं. चारचौघांत मी त्याच्यावर खेकसलो, आबा, तुला यायचंय का नाय ते एकदाचं सांग. तो तरातरा कुंपणाकडं गेला. तिथं भंगारात काढलेली एक ट्रॉली होती, तळातनं गवत वर आलेलं. बाप वाकला. धुऱ्याला दोन जागी वेल्डिंग होतं, त्यावरनं त्यानं अंगठा फिरवला. चाक हलवलं, हूक बघितला. त्या दिवसात पहिल्यांदा त्यानं ट्रॉली ट्रॉलीसारखी तपासली. मग पटक्याचा शेव सोडला, विकणाऱ्याचा हात त्याखाली ओढला अन् बैलबाजारातल्यासारखी बोटं दाबून भाव करायला लागला. तो बिचारा घाबरून माझ्याकडं बघत होता.

मी म्हणलं, आबा, अक्कल गहाण ठेवली का? ही जालन्याच्या पुढं जायची नाय.

शेवाखालचा हात न सोडता बाप म्हणाला, "व्हय. जालन्यापोत तुझ्यासंगं येतो. तिथं ही मोडली की मला माघारी यायला सोपं पडंल."

मला त्याचा लई राग आला अन् लई वाईटही वाटलं. सकाळपासून मी एकटाच ट्रॉली बघत होतो. मला नाय म्हणायची त्याची हिंमत नव्हती, म्हणून तो एकेका ट्रॉलीला नाय म्हणत होता.

मी त्या माणसाचा हात बाजूला काढला अन् माझा शेवाखाली घातला. बापाची बोटं हाताला लागली. किती दाबायची ते मला सुचंना, म्हणून सगळीच धरून उभा राहिलो. नागपूरला माझ्या जागी दुसरा गेला.