मामीच्या गाण्याचं शेवटचं कडवं

हासानी मावुंडाच्या डाव्या भुवईवर एक खाच आहे, बोटाचं टोक सहज बसेल एवढी. दक्षिण आफ्रिकेतल्या गियानीच्या बाजारात त्या खाचेबद्दल तीन कहाण्या चालतात. कुणी म्हणतं, पोलिसांनी बंदुकीचा दस्ता मारला. कुणी म्हणतं, सोन्याच्या खाणीतल्या मारामारीत लागलं. आणि बायका हसून म्हणतात, गिटारवाल्याला दुसरं कोण मारणार, एखादीचा नवराच असेल. तिन्ही कहाण्या खोट्या आहेत. खरं काय ते माफुन्गवे गावाला ठाऊक आहे, आणि ते गाव त्यावर फारसं बोलत नाही. बोलण्यासारखं आपण काही केलेलं नाही, एवढी अक्कल गावाला उशिरा का होईना, आली.

हासानीचा बाप लवकर गेला. आई त्याला घेऊन माफुन्गवेला भावाकडे आली. मामाचं घर म्हणजे भाच्याचं राज्य, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. भाच्याने मामाची कोंबडी पकडून खावी, मामीच्या मडक्यातली मारुलाच्या फळांची दारू न विचारता प्यावी, तिला भर अंगणात शिव्या घालाव्यात, "म्हातारे, मामा मेला की तू माझीच बायको," म्हणावं. मामीनेही ऐकून घेऊ नये. हातात येईल ते फेकून मारावं. यात कुणी रागावलं तर लोक त्यालाच हसतात.

हासानीची मामी न्यानिसी फेकून मारण्यात एक नंबर होती. मक्याच्या पिठाचा घट्ट वुस्वा घोटायचा लाकडी दांडा ती असा फेकायची की तो दोन झोपड्यांच्या फटीतून जाऊन भाच्याच्या टाचेवरच बसायचा.

"चोरा! मडकं कुणी उघडलं?"

"तुझ्या नवऱ्याने!"

"माझा नवरा शेतावर आहे!"

"मग दुसऱ्या नवऱ्याने. मी उभा आहे ना इथे!"

दांडा यायचाच. संध्याकाळी त्याच दांड्याने घोटलेला वुस्वा आणि मोपानेच्या झाडावरच्या वाळवलेल्या अळ्यांचं कालवण ती त्याच्यापुढे ठेवायची, आणि पहिला घास तो घेईपर्यंत स्वतः खायची नाही.

सात वर्षांचा असताना त्याने पहिलं मांस चोरलं. आजोबांच्या नावाने बोकड कापला होता. पूर्वजांचा वाटा पानावर मांडला, म्हाताऱ्यांनी हाका मारून पितरांना बोलावलं, आणि ते बोलणं संपायच्या आत भाच्याने तो वाटा हिसकावून पळायचं असतं. सगळ्यांनी ढेकळं मारत, शिव्या देत त्याच्या मागे लागायचं असतं. भाचा पळाला नाही तर पितर जेवले नाहीत. हासानी पळाला. मामीचं ढेकूळ त्याच्या पाठीवर फुटलं, आणि तो मारुलाच्या झाडाखाली बसून हसत हसत मांस खाऊन गेला.

पाच लिटरच्या तेलाच्या डब्याला सायकलच्या ब्रेकची तार लावून त्याने पहिली गिटार केली. तिच्यावर बसवलेलं पहिलं गाणं अर्थातच मामीवर होतं.

"मामी माझी चेटकीण बाई,
घुबडावर बसून रात्री जाई,
परक्याची पोरं झोपेत उठवी,
आपल्या शेतात राबायला नेई."

अशी सहा कडवी. आणि सातवं, जे म्हणताना तो मामीपुढे जाऊन गुडघे टेकायचा:

"मी बहिणीचा लेक, मला सारं माफ,
तुम्ही बोलाल तर जीभ होईल साफ,
तिच्या हातचं खाऊन झालो मोठा,
तिला दुसरा कुणी म्हणेल तो खोटा."

यावर मामी त्याच्या डोक्यावर दारूचा पेला उपडा करायची आणि अंगण हसून लोळायचं.

पुढे तो जोहान्सबर्गजवळच्या खाणीत गेला. तिथे बराकीत दोन जमातींची हाणामारी झाली. हासानीचे पुढचे दोन दात पडले, आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस सकाळी उठलाच नाही. त्याची गिटार हासानीकडे आली. तिच्यावर तो इतका चांगला वाजवायला लागला की एका रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने त्याला बोलावलं. मागे साथीला तीन बायका, एक ढोल. मामीचं गाणं ऐकून तो माणूस टाळ्या वाजवायला लागला, मग घड्याळ बघितलं.

"चार मिनिटं होतात. रेडिओला तीन लागतात. शेवटचं कडवं काढ."

"ते काढता येत नाही, साहेब. त्याच्याशिवाय गाणं म्हणजे नुसती शिवी."

"शिवीच तर मजेची आहे. तुझ्या त्या नात्यागोत्याचं कुणाला पडलंय? काढतोस, की पुढच्याला बोलावू?"

बाहेर बाकावर पुढचा बसलेलाच होता, मांडीवर गिटार घेऊन. हासानीने कडवं काढलं. हे मी त्याच्या तोंडून ऐकलंय, आणि सांगताना तो स्वतःची बाजू घेत नव्हता.

गाणं वणव्यासारखं पसरलं. शिबेलानी घागरे घुमवत पोरी त्यावर नाचल्या, लग्नांत वाजलं, बसमध्ये वाजलं. हासानी मोठा माणूस झाला. त्याने जुनी पिकअप घेतली आणि मामीला रेडिओ आणून दिला. मामी सगळ्या गावाला बोलावून ऐकवायची. "ऐका, माझा नवरा मला काय म्हणतोय!" फक्त एकदा तिने विचारलं, "शेवटचं कुठे गेलं रे?"

"वेळ नव्हता, मामी."

"मला चेटकीण म्हणायला वेळ होता, मेल्या!" असं म्हणून तिने दांडा उगारला. तेवढ्यावर विषय संपला.

हासानीची आई गेली, मग मामाही वारला. हासानीने त्याच्याही नावाचं मांस चोरलं. मामीचा मुलगा मुझामानी दूर डोंगरातल्या लाकडाच्या गिरणीत कामाला लागला. न्यानिसी घरी एकटी.

मग नव्वद साल आलं. वरची सरकारं डळमळत होती आणि खाली गावागावांत तरुण पोरं राज्य करायला लागली होती. सरदाराला विचारत नव्हती, पोलिसांना भीत नव्हती. तेवढ्यापर्यंत ठीक होतं. पण वाईट कुणी केलं हे शोधण्याचा त्यांना नाद लागला, आणि तो शोध नेहमी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईच्या दाराशीच येऊन थांबायचा. हे काय गौडबंगाल आहे ते कुणी विचारलं नाही.

जानेवारीत एका दुपारी माफुन्गवेत वीज पडली. फुमानी नावाच्या पोराचे दोन धाकटे भाऊ गुरं हाकत येत होते, जागीच करपले. फुमानी हासानीचा भक्त. कार्यक्रमात सगळ्यांत पुढे तोच नाचायचा, सहाही कडवी तोंडपाठ. दुसऱ्या दिवशी सकाळी भावांना मातीत ठेवून आला तो तेच गाणं गात आला. आधी एकटा गात होता, वेशीपर्यंत साठजण गायला लागले.

हासानी त्या वेळी गियानीत पेट्रोल भरत होता. पंपावरचा माणूस म्हणाला, "तुमच्या गावची पोरं तुमचंच गाणं गात निघालीत म्हणे. काय नशीब आहे राव!"

आणि हासानी हसला. खोटं कशाला सांगू, त्याची छाती फुगली.

"कुठे निघालीत?"

"तुमच्या मामीच्या घराकडे."

पिकअप त्याने कशी हाकली ते त्यालाही आठवत नाही. पोचला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. मामी अंगणात बसली होती. खांद्यावरचं कापड फाटलेलं, कपाळ फुटलेलं, एक हात कोपरापासून भलत्याच बाजूला वळलेला. भोवती दगड पडले होते. शेजारपाजारची माणसं आपापल्या कुंपणाआड उभी होती. त्यांत त्याचे सोबती होते, त्याच्याबरोबर याच अंगणात हसून लोळलेले.

"थांबा!" तो दोन्ही हात पसरून मामीपुढे उभा राहिला. "फुमानी, डोकं फिरलंय का तुझं? माझी मामी आहे ती!"

"बाबा, तुम्हीच तर सांगितलंत," फुमानी म्हणाला. तो रडत होता, आणि हातात कोयता होता. "ती पोरं पळवते, हे तुम्हीच सगळ्या देशाला सांगितलंत. आम्ही नाचत बसलो. तेव्हाच ऐकलं असतं तर माझे भाऊ वाचले असते."

"अरे, थट्टा होती ती! मी भाचा आहे! भाच्याला माफ असतं, तुला माहीत नाही?"

"रेडिओ थट्टा करतो?"

"शेवटचं कडवं आहे त्याला! ऐक!" आणि हासानीने ते म्हटलं, तिथेच, धापा टाकत, गुडघे टेकून. मी बहिणीचा लेक, मला सारं माफ.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. क्षणभर वाटलं की जमलं.

"हे रेकॉर्डवर नाही," फुमानी म्हणाला.

"कापलं त्यांनी!"

"आत्ता जुळवलंत तुम्ही. तिला वाचवायला. मला पूर्ण गाणं पाठ आहे, बाबा. माझ्याइतकं कुणाला पाठ आहे?"

हासानी कुंपणाकडे वळला. "अहो, तुम्ही ऐकलंय! इथेच ऐकलंय! सांगा ना त्यांना!"

कुंपणाआडून कुणी तोंड उघडलं नाही. एकाने मान खाली घातली, एक बाई घरात गेली. एक जरी जीभ हलली असती तर पुरलं असतं, पण त्या दिवशी गावाच्या तोंडाला कुलूप लागलं. त्यांना काय म्हणायचं ते वाचणाऱ्याने ठरवावं. माझ्याकडे शब्द आहेत, पण छापण्यासारखे नाहीत.

मग त्यांनी हासानीला धरलं. पिकअपमधून गिटार आणली, तिघांनी त्याला जमिनीवर बसवलं, आणि एकाने त्याच्या डाव्या मनगटावर कोयता टेकवला.

"वाजवा. रेकॉर्डवर आहे तसं."

मामीला त्यांनी फरपटत झोपडीत नेलं, दाराला बाहेरून ओंडका लावला. छपरावर रॉकेल पडलं. कोयता मनगटात रुतला आणि रक्त तारांवर आलं. हासानीने वाजवलं. गायलासुद्धा. मामी माझी चेटकीण बाई. साठ तोंडं मागून गात होती.

छप्पर पेटलं. आतून खोकला ऐकू आला, मग मामीचा आवाज, नेहमीचा, अंगणभर ऐकू जाणारा.

"ए नवऱ्या! बेसूर झालास की रे! घाबरलास काय?"

हासानीचं बोट तारेवर थांबलं. कोयत्याने ते पुन्हा चालवलं.

"वाजव, वाजव, मेल्या! हात तोडून घेऊ नकोस! आणि मडकं झाकून ठेव, चोरा!"

पोरं ओरडली, बघा, मरतानाही निलाजरी! तिची थट्टा त्यांना कळली नाही. त्या अंगणात ती कळणारा एकच माणूस होता, आणि तो तिसरं कडवं गात होता. चौथ्याला आतून काही येईना. गाणं संपेपर्यंत त्यांनी त्याला सोडलं नाही.

फुमानी आणि सहाजण तुरुंगात गेले. हासानीने गिटार बांधून ठेवली आणि माफुन्गवेला पाऊल टाकलं नाही. तो जिवंत होता इतकंच. रेडिओवर ते गाणं लागलं की उठून जायचा, आणि ते रोज लागायचं. दफनालाही तो गेला नव्हता. कोणत्या तोंडाने जाणार?

पाच महिन्यांनी मुझामानीचा निरोप आला. आईच्या नावाने बोकड कापायचा आहे. घराण्याला भाचा एकच आहे. तो आला नाही तर आई उपाशी राहील.

हासानी गेला. जळालेली जागा सारवून घेतली होती. सगळा गाव जमला होता, ते कुंपणाआडचेसुद्धा. मुझामानीने त्याच्याकडे बघितलं नाही. पानावर मांस मांडलं, म्हाताऱ्याने न्यानिसीला हाक मारली, तिच्या बापाला, आजाला हाक मारली. ते बोलणं संपत आलं तसं हासानीने पुढे होऊन मांस उचललं.

आणि पळेना. सगळ्यांच्या हातात ढेकळं होती, पण एकही हात उठला नाही. कुणी शिवी दिली नाही. भाच्यावर कुणी ढेकूळ टाकत नाही, याचा अर्थ आमच्याकडे एकच होतो. तू आमचा कुणी नाहीस.

मांसाचं रक्त कोपरापर्यंत ओघळलं. "मारा," हासानी म्हणाला.

तो मुझामानीकडे वळला.

"मारा ना रे! मुझामानी, मार! मी वाजवलं. माझ्या हाताने वाजवलं. पण मी भाचा आहे तिचा. मी पळालो नाही तर ती जेवायची कशी? मार, तुझ्या पाया पडतो!"

मुझामानी वाकला. त्याने हातातलं ढेकूळ टाकून दिलं आणि चुलीचा काळा दगड उचलला, आईच्या चुलीचा, आगीत राहिलेला. आईचा नेम त्याच्यात उतरला होता. दगड हासानीच्या भुवईवर बसला, हाड वाजलं, तो गुडघ्यावर आला. मांस त्याने सोडलं नाही.

 मग मुझामानीच्या छातीतून आवाज फुटला.

"चोरा! आईचं मांस कुठे नेतोस, चोरा! मेल्या, हरामखोरा, मडकंही तूच फोडलं असशील!"

एका म्हातारीने ढेकूळ मारलं. मग दुसऱ्या कुणी. मग शिव्यांचा आणि मातीचा नुसता पाऊस. डोळ्यांत रक्त घेऊन हासानी उठला आणि पळत सुटला. गाव रडत, ओरडत, ढेकळं मारत मारुलाच्या झाडापर्यंत त्याच्या मागे लागला. सगळ्यांच्या पुढे मुझामानी होता, आणि तो त्याला भाचा म्हणून मारत होता.