आयडिया माझी, मटेरियल त्याचं

ही गोष्ट मी बऱ्याच वेळा सांगितली आहे. लग्नाच्या पंगतीत, निरोप समारंभात, एकदा तर माईकवरून. पण दरवेळी अर्धीच. उरलेली अर्धी मी इतकी वर्षं टाळली. आता सत्तरी ओलांडली, दोन्ही गुडघे बदलून झाले, टाळण्यासारखं फार काही उरलं नाही. म्हणून लिहितो.

सकाळचे अकरा वाजले होते. शेठ माझ्या टेबलासमोर उभे होते. त्यांनी मूठ माझ्या रजिस्टरवर उघडली.

"चौधरी, हे काय आहे?"

"तूरडाळ, शेठ."

"ही डाळ आहे? ही खाऊन म्हशी विचारतील, आज दिवाळी आहे का?"

जळगावच्या एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये मी प्रॉडक्शन सुपरवायझर होतो. तुरीची डाळ करायची म्हणजे आधी तूर साफ करायची, तिला तेलपाण्याचा हात द्यायचा, उन्हात वाळवायची आणि मग एमरी रोलमधून काढायची. एमरी रोल म्हणजे खरखरीत पृष्ठभागाचा फिरता रूळ. त्यावर घासून साल निघतं आणि दाण्याच्या दोन फाका होतात. अखंड राहिली ती डाळ. फुटली ती चुनी, म्हणजे गुरांचं खाद्य. सगळा धंदा या दोघींमधल्या फरकावर चालतो. आणि गेले तीन आठवडे आमच्या मिलमध्ये चुनी वाढत चालली होती.

मी सगळं करून पाहिलं होतं. रोलमधलं अंतर वाढवलं, कमी केलं, पुन्हा वाढवलं. नवा रोल बसवला. माल जास्त वाळला म्हणालो, मग कमी वाळला म्हणालो. शेवटी मी पाचोऱ्याच्या तुरीला दोष दिला.

"तूर तीच आहे, व्यापारी तोच आहे," शेठ म्हणाले. "डिप्लोमा कुठून आणला होता तुम्ही? एरंडोलच्या आठवडे बाजारातून?"

ऑफिसातले दोघेजण खाली मान घालून हसले. मीही हसलो. साहेबाच्या विनोदावर हसणं हा नोकरीचा भाग असतो. पण ते वाक्य मला लागलं.

त्याच आठवड्यात शेठनी पुण्याहून एक ट्रेनर बोलावले. गोडाऊनमध्ये पोत्यांच्या थप्प्यांपुढे बॅनर लागला, 'स्वतःला ओळखा, स्वतःला घडवा'. ट्रेनर सरांनी पहिल्याच तासात सांगितलं की यापुढे 'प्रॉब्लेम' हा शब्द वापरायचा नाही, 'चॅलेंज' म्हणायचं. त्यानंतर महिनाभर आमच्याकडे संडासाला पाणी नसलं तरी ते चॅलेंज असायचं.

मग सरांनी प्रत्येकाला स्वतःची तीन बलस्थानं सांगायला लावली. निंबाआबा आमचे हमालांचे मुकादम. साठीचे, शिंदखेड्याकडचे. ते उठले आणि म्हणाले, "पाठ, मान, गुडघा. गुडघा आते नही." म्हणजे गुडघा आता राहिला नाही. सरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, आबांनी विनम्रता दाखवली.

सरांचा दुसरा मंत्र होता आत्मसन्मान. रोज सकाळी आरशात पाहून म्हणायचं, 'मी समर्थ आहे, माझ्याकडे उत्तर आहे.' मिलमध्ये आरसा नव्हता. म्हणून आम्ही अंगणात उभ्या असलेल्या ट्रकच्या आरशापुढे रांग लावायचो. त्या आरशात माणूस मुळातच लहान दिसतो. तरी म्हणायचो.

प्रशिक्षणाचा शेवट एका फॉर्मने झाला. 'सुधारणा सूचना फॉर्म'. ज्याची सूचना मिलच्या कामी येईल त्याचा फोटो गेटवर लागणार. आणि तो माणूस कॉन्ट्रॅक्टवर असेल तर शेठ त्याला परमनंट करणार. हे शेठनी सगळ्यांसमोर जाहीर केलं.

हे ऐकून रशीदभाई माझ्याकडे आले.

रशीदभाई आमचे फिटर. मूळचे एरंडोलचे. बापाचा पत्र्याचा धंदा होता, त्यामुळे पत्रा त्यांच्या हातात कापडासारखा वळायचा. अकरा वर्षं ते आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टवर होते. रोज कामावर आले तर पगार, नाही आले तर नाही. बायकोला दमा होता. परमनंट झाले असते तर दवाखान्याचं कार्ड मिळालं असतं. ते कार्ड त्यांनी माझ्याकडे इतक्या वेळा पाहायला मागितलं होतं की त्यावरचा माझा फोटो त्यांना पाठ झाला असेल.

"साहेब, एक विचारू? रोलमधून डाळ निघते तिथे मी मूठभर घेतली. या खिशात आहे. टाकीत पडते तिथे मूठभर घेतली. ती या खिशात. दोन्ही बघा."

मी पाहिल्या. पहिली मूठ जवळजवळ अखंड होती. दुसऱ्या मुठीत निम्मा चुरा.

"दोघांच्या मधे मशीन कोणतंच नाही," रशीदभाई म्हणाले. "मग फोडतंय कोण?"

मधे होता एलिव्हेटर. पट्ट्यावर डबे बसवलेले असतात, ते खालचा माल वर नेतात आणि पत्र्याच्या नळीतून टाकीत सोडतात. महिन्याभरापूर्वी आम्ही तो एलिव्हेटर उंच केला होता. ड्रॉइंग माझं होतं. डाळ आता दुमजली उंचीवरून सरळ पत्र्यावर आपटत होती. मी तीन आठवडे रोलच्या मागे होतो आणि डाळ माझ्याच नळीत फुटत होती.

"आता?" मी विचारलं.

"तिला पडू द्यायची नाही. उतरवायची. सासरी नव्या नवरीला उतरवतात तशी."

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी भंगारातून जुना सुती पट्टा काढला. मोटारीवरून मशीन फिरवायला पूर्वी जाड कापडाचे असे पट्टे असायचे. त्याच्या लोखंडी क्लिपा उपटल्या, तुकडे कापले, धुतले, वाळवले आणि नळीच्या आत एक डावीकडे, एक उजवीकडे असे तिरपे लटकवले. मशीन चालू केलं. डाळ एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर घरंगळत खाली आली. आवाजच बदलला. आधी गारा पडल्यासारखा होता, आता सुपात पाखडल्यासारखा.

संध्याकाळपर्यंत चुनी पहिल्यासारखी झाली.

रशीदभाईंना मराठी लिहायची सवय नव्हती, ते उर्दू शाळेत शिकलेले. म्हणाले, "फॉर्म तुम्ही भरा साहेब. मी सही करतो." मी भरला. समस्या, कारण, उपाय. अक्षर माझं चांगलं आहे. 'सूचना देणाऱ्याचे नाव' ही ओळ सगळ्यात वर होती. तीच तेवढी राहिली होती, एवढ्यात शेठ आत आले.

"चौधरी! चुनी थांबली म्हणतात. तुम्ही केलं?"

रशीदभाई दारात उभे होते, हाताला लागलेलं ग्रीस कापसाच्या बोळ्याने पुसत होते. मला फक्त अंगठा त्यांच्याकडे दाखवायचा होता. एक शब्दही लागला नसता. पण आठवडे बाजाराचं ते वाक्य माझ्या डोक्यात होतं, ऑफिसातले ते दोघेही ऐकत होते, आणि त्या दिवशी सकाळीच मी ट्रकच्या आरशाला सांगून आलो होतो की माझ्याकडे उत्तर आहे.

"हो शेठ," मी म्हणालो.

शेठनी माझ्या पाठीवर थाप मारली. ते गेल्यावर मी रशीदभाईंना म्हणालो, "पुढच्या वेळी तुमचं नाव टाकू."

"तुमचं नाव म्हणजे आमचंच, साहेब," ते म्हणाले. हातातला बोळा आता काळा झाला होता तरी पुसतच राहिले.

माझा फोटो गेटवर लागला. टाय घालून. मिलमध्ये मी टाय कधीच घातला नव्हता, तो ट्रेनर सरांचा होता. त्यांनी मला इतरत्रही बोलायला नेलं. विषय, 'संकटातून सुचलेली कल्पना आणि वाढलेला आत्मविश्वास'. मी डाळ कशी फुटते हे सांगायचो, मग मी नळीकडे कसा टक लावून बसलो होतो ते सांगायचो. लोक वहीत लिहून घ्यायचे. खरं तर दुसऱ्या-तिसऱ्या भाषणानंतर मलाच आठवायला लागलं की मी नळीकडे टक लावून बसलो होतो.

फक्त निंबाआबा फसले नाहीत. गेटवर फोटोखाली पोतं टेकवून ते एकदा मला ऐकू जाईल असं म्हणाले, "हाई बठ्ठं रशीदभाऊनं डोकं शे. टाय तेवढा चौधरी साहेबना." म्हणजे डोकं सगळं रशीदभाईंचं, माझा फक्त टाय.

मग धुळ्याचं काम आलं. शेठची तिथे दुसरी मिल उभी राहत होती. "तुमची ती आयडिया तिकडेही बसवा," म्हणाले. मी रशीदभाईंना नेलं नाही. नेलं असतं तर तिथल्या लोकांना दहा मिनिटांत कळलं असतं की पट्टे कोण लावतंय आणि टाय कोण लावतोय.

पण सुती पट्टा धुळ्यात मिळेना. मिलच्या शेजारी जिनिंग होतं, कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. त्यांच्या मशीनच्या रोलला चामड्याच्या चकत्या असतात. झिजल्या की त्या फेकून देतात, तिथे ढीग पडला होता. मऊ, चिवट, फुकट. मला वाटलं, ही माझी स्वतःची सुधारणा. चकत्या उकलून मी पट्टे केले आणि लटकवले. डाळ छान उतरत होती. मी खूश होतो. निदान हे तरी माझं होतं.

रशीदभाईंनी चामडं का नाही घेतलं, सुती पट्टा धुवून का लावला, हे मी कधी विचारलंच नव्हतं. ज्याची आयडिया चोरायची त्याला प्रश्न विचारता येत नाहीत.

पूजेच्या दिवशी शेठ धुळ्याला आले. कट्टर शाकाहारी माणूस. कमरेला चामड्याचा पट्टाही न लावणारे, घड्याळसुद्धा स्टीलच्या साखळीचं. नारळ फोडला, मशीनला कुंकू लावलं, आणि नळीचं झाकण उघडून आत हात घातला.

"चौधरी, हा पट्टा कशाचा?"

मी झाकण लावायला हात पुढे केला.

"कशाचा, विचारतोय."

"जिनिंगचा आहे, शेठ."

"म्हणजे चामडं? माझ्या डाळीत?"

भटजी मंत्र म्हणायचे थांबले. पन्नासेक माणसं माझ्याकडे पाहत होती. त्यातल्या निम्म्यांनी माझं भाषण ऐकलेलं होतं.

"शेठ, आयडिया माझी," मी म्हणालो, "पण मटेरियल रशीदने सांगितलं होतं."

अकरा वर्षं मी त्यांना रशीदभाई म्हणत होतो. त्या वाक्यात 'भाई' आपोआप गळालं. शेठ फक्त "रशीद" एवढं एकदा म्हणाले, आणि आजूबाजूच्या लोकांनी मान हलवली, जणू आता काही समजावून सांगायची गरज उरली नव्हती. हे होणार हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच ते नाव तोंडात आलं.

दुसऱ्या दिवशी कॉन्ट्रॅक्टरने रशीदभाईंना गेटवरच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. मी धुळ्यात पट्टे लावत होतो ते तीनही दिवस रशीदभाई जळगावात कामावर होते. हजेरीच्या मशीनवर त्यांचा अंगठा होता. कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं होतं.

ते माझ्या फोटोखाली उभे होते.

"साहेब, चामडं तर मी मुद्दाम टाळलं होतं. शेठचं खाणं-पिणं मला ठाऊक आहे ना. पट्टासुद्धा तीन पाण्याने धुतला होता. तुम्ही एक शब्द बोला, बस."

"बोलतो मी शेठशी. दोन दिवस थांबा," मी म्हणालो.

मी बोललो नाही. ते किती दिवस थांबले मला माहीत नाही. मी दुसऱ्या गेटने यायला लागलो. पुढे मी प्रॉडक्शन मॅनेजर झालो आणि त्याच पदावरून रिटायर झालो. निरोपाला शेठनी शाल दिली आणि नळीचीच गोष्ट सांगितली. मी उठून दुरुस्ती करू शकलो असतो. मी शाल नीट केली.

या सगळ्यातून मी काय शिकलो असं कुणी विचारलं तर एवढंच सांगेन. आत्मसन्मान वाढवायचे पुष्कळ उपाय आहेत. त्यातला सगळ्यात सोपा म्हणजे दुसऱ्याचा घ्यायचा. तो अगदी मापात बसतो, फक्त नंतर काढता येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी एरंडोलला गेलो. वाक्य पाठ करून गेलो होतो. 'रशीदभाई, चामडं मी लावलं होतं आणि नाव तुमचं घेतलं. मला माफ करा.' बसमध्ये ते तीस-चाळीस वेळा म्हटलं.

बाजाराच्या मागे त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. कूलरचे लोखंडी स्टँड बनवतात. दाढी पांढरी झाली आहे, चष्मा जाड. मला पाहून उठले, खुर्ची पुसली, चहा मागवला. समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "हे आमचे चौधरी साहेब. मोठ्या मिलचे. फार हुशार माणूस."

मी घरच्यांचं विचारलं. बायको चार वर्षांपूर्वी गेली, म्हणाले. दमाच. मग कटर चालू करून अँगल कापायला लागले. ठिणग्या उडत होत्या, कानठळ्या बसत होत्या. त्या आवाजात मी सगळं वाक्य म्हणालो. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता.

त्यांना माझे ओठ हलताना दिसले असावेत. त्यांनी कटर बंद केला, चष्मा कपाळावर चढवला.

"काय म्हणालात साहेब? बोला, आता मशीन बंद आहे."

वर्कशॉप एकदम शांत झालं. ते माझ्याकडे पाहत होते. घाई नव्हती त्यांना.

"हा स्टँड केवढ्याला?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडून कमी घेतले. स्टँड स्वतः उचलून बसच्या टपावर बांधून दिला.

आमच्याकडे कूलर नाही.