काठावरची खूण

आमची जया, म्हणजे माझ्या लेकाची, जीवनची पोरगी. कळंबजवळच्या आमच्या बंजाऱ्यांच्या तांड्यातली. आधी पोहते, मग सायकल हाणते, मग पळते, आणि तिन्हीची मिळून शर्यत एकच! मी विचारलं, "एवढी घाई कायले वं? मागं कोन लागलं?"

पोहणं ती यवतमाळच्या टाक्यात शिकली. तिथं तळाला काळी पट्टी असते, तिच्यावरून सरळ जायचं. शर्यतीत पोहायचं धरणात, तिथं पट्टी कोण आखणार? मागच्या वर्षी शर्यतीत लाटांनी तिला बाजूला नेलं. पोहायला दिलेली वेळ संपली, सायकलला हात लावायच्या आधीच पोर बाद. घरी येऊन दोन दिवस ती सायकलच पुसत बसली.

निशिगंधा मॅडम तिला शिकवतात. त्या म्हणाल्या, दर सहा हात मारले की डोळे पाण्यावर काढायचे. मगरीसारखे, नुसते डोळे. डोकं उचललं की पाय बुडतात. आणि काठावर एक खूण धरायची. सराव आमच्या तलावात, तिथं काठाला सगळ्या बाभळीच, एकीसारखी दुसरी. जया म्हणाली, "दादी, तू आरशांची फेटिया-कांचळी घालून उभी राह्य. दुरून चमकते."

घातला आरशांचा घागरा, चोळी, आणि राहिले उभी. पण नात पाण्यात असताना पाय थांबतात व्हय? आमच्या वाडवडिलांनी मीठ-धान्य लादलेल्या बैलांबरोबर चालत जन्म काढले. ती निघाली, तशी मीही काठाकाठानं निघाले. ती माझ्याकडं वळे, मी आणखी पुढं. शेवटी पोर थेट गाळात! तिचे आजोबा, देवसिंग, पोट धरून हसले. "अवं, खूण कधी चालते काय?"

यंदा शर्यतीला मी पाण्यातून बाहेर यायच्या जागेमागं दगडावर बसले. सकाळचं ऊन समोरून, आरसे नुसते पेटलेले. मग वारा सुटला. पोहणाऱ्यांच्या पिवळ्या टोप्या डावीकडं वाहवत चालल्या, तशी काठावरची माणसंही तिकडं धावली. देवसिंगसुद्धा. मी नाही. मांडीला मुंगळा डसला, तरी नाही. एक टोपी तेवढी सरळ माझ्यावर चालून येत होती. डोळे निघायचे, बुडायचे.

चार मिनिटं राखून बाहेर आली. सायकलीकडं पळता पळता ओरडली, "दादी, ऊठ आता!"

उठले. शेजारच्या बाईला सांगितलं, "ते पोरगी आमच्या तांड्याची." आणि मग मात्र तिच्या सायकलमागं निघालेच.