मेंदीच्या भूलभुलैयात बाबा

अर्धांगाचा सौम्य झटका येऊन गेल्यापासून बाबांचं एकट्यानं बाहेर जाणं बंद झालं होतं. एकदा हिंगणघाटच्या बाजारातून येताना ते घरचाच रस्ता चुकले होते. त्यामुळे वर्ध्याजवळच्या बागेतला मेंदीचा भूलभुलैया पाहायची टूम त्यांनीच काढली तेव्हा आई वैतागली.

"घरची वाट सापडत नाई, अन् तिथं काय करसान?"

"तिथं साऱ्यांचीच चुकते."

सकाळची एसटी धरली. वर्ध्यात स्टँडबाहेर तर्री-पोहे, पुढे ऑटो. बागेचं तिकीट किरकोळ आहे. पाणी मात्र सोबत न्या आणि ऊन चढायच्या आत पोहोचा. मेंदी पुरुषभर उंच, नुकतीच कातरलेली. कडवट हिरवा वास वाटभर सोबतीला.

आत शिरल्यावर आईची चप्पल निसटली. ती घालेपर्यंत बाबा वळणाआड गेले. आम्ही धावलो. पुढे तीन वाटा, आणि बाबा एकीवरही नाहीत.

"अवो!" आईनं हाक मारली.

चारी बाजूंनी पुरुषांनी ओ दिली. त्यात बाबांचा आवाज नव्हता.

पलीकडून कुणी बाई हसली, "काकू, नाव घेऊन बोलवा ना!"

आईचे डोळे भरले होते. नुसतं नाव ती घेत नाही. घेतलंच तर उखाण्यात. तिनं डोक्यावर पदर ओढला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"मेंदीच्या भिंतीले दिसेना दार,
वसंतरावांचं नाव घेते, हाक द्या एक बार!"

कुंपणांमागून टाळ्या पडल्या. मग लांबून आवाज आला, "तिथंच थांबजो! मी येतो."

पावलं जवळ आली, चुकून दूर गेली, थबकली, पुन्हा वळली. आणि शर्टाला पानं चिकटलेले बाबा समोर.

"पहिल्या हाकेले ओ काऊन नाई दिली?"

"एवढे नवरे ओ देऊन राह्यले, म्हटलं तुयं भागलं असन."

आई रडता रडता हसली. मग त्यांच्या शर्टावरची पानं एकेक करून काढत बसली.

बाग लहानच आहे, खास त्यासाठी लांबून यावं अशी नाही. आम्हाला मात्र ती पुरून उरली. दुसऱ्या दिवशी बाबांनी पिशवी उचलली, "मेथी आणतो." मी चपला घालायला लागले तर आईनं मनगट धरलं.

"जाऊ दे त्यायले."

ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती फाटकात उभी होती. मग आत येऊन तिनं चहाचं आधण ठेवलं, बाबांच्या वाट्याचं पाणी धरून.